वडिलांच्या नावावरचा लिव्ह अँड लायसन्स करार संपलाय, भाडं थकलंय, भाडेकरूंची मुलगी दहावीला – फ्लॅट कसा परत घ्यावा? (पुणे)

नाशिककर_लेक

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते.

पुण्यात सिंहगड रोडला आमचा वन बीएचके आहे. बाबा एसटीत होते, निवृत्तीच्या वेळी हातात आलेले बहुतेक पैसे त्यांनी या फ्लॅटमध्ये घातले. सप्टेंबरमध्ये बाबा गेले. आई आता माझ्याकडे नाशिकला असते. तिला ईपीएस ९५ ची (पीएफशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन आहे, पण त्यात तिची औषधंही भागत नाहीत. या भाड्यावरच तिचा महिना चालतो.

करार बाबांनीच केला होता, ११ महिन्यांचा, ऑनलाइन नोंदणी केलेला. भाडं १८,०००, अनामत ५०,०००. पोलिसांकडे भाडेकरूंची माहिती दिलेली आहे, सोसायटीकडे कराराची प्रत आहे. मुदत ३१ ऑक्टोबरला संपली. तेव्हा घरात बाबांचंच सगळं चालू होतं, नवा करार कोणाच्या नावाने करायचा हेही ठरलं नव्हतं.

भाडेकरू म्हणजे नवरा-बायको आणि दोन मुलं. दिवाळीच्या सुमारास त्यांची नोकरी गेली आणि नोव्हेंबरपासून भाडं आलेलं नाही. माणसं वाईट नाहीत. बाबा गेले तेव्हा दोघं नाशिकला येऊन भेटून गेली. फोन उचलतात, "ताई, पुढच्या महिन्यात नक्की बघतो" म्हणतात. मोठी मुलगी दहावीला आहे आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे. त्या मुलीला ऐन परीक्षेत घर सोडायला लावणं मला जमणार नाही, आईलाही नाही. पण असंच चालू राहिलं तर अनामत संपेल आणि मग आमच्या हातात काहीच उरणार नाही.

मला विचारायचंय ते असं. करार बाबांच्या नावावर होता, आता आई दावा करू शकते का? परीक्षेपर्यंत मुदत दिली तर 'मालकाने करार वाढवला' असा त्याचा अर्थ निघेल का? मधल्या काळात त्यांनी थोडे पैसे दिले तर घ्यावेत की नाही? आणि शेवटी नाहीच गेले तर नेमकं कुठे जायचं, दिवाणी कोर्टात की आणखी कुठे?

एक वेगळा मुद्दा: सोसायटी 'भाडेकरू ठेवलाय' म्हणून मेंटेनन्सवर दरमहा १,५०० जादा लावते. सर्व्हिस चार्जेस सुमारे २,४०० आहेत. हे बरोबर आहे का?

मोरया_७७

ताई, इतका विचार करू नका. लाईट तोडा, पाणी बंद करा, आठ दिवसांत जातील. करार संपला म्हणजे त्यांचा हक्क संपला.

कागदपत्र

मोरया, असं कृपा करून कोणाला सुचवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ मध्ये भाडेकरूचं वीज-पाणी तोडायला मनाई आहे आणि त्याला शिक्षाही आहे. ते कलम लायसन्सवर (म्हणजे मुदतीपुरत्या परवान्यावर) राहणाऱ्याला लागू होतं का यावर वकील वाद घालतील, पण तो वाद आपल्या पैशाने कशाला? आज ताईंचे कागद स्वच्छ आहेत, चूक समोरच्याकडे आहे. लाईट तोडली की दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात उत्तर ताईंनाच द्यावं लागेल. घरात दहावीची मुलगी असताना तर अजिबात नको.

ताई, आता तुमच्या प्रश्नांकडे येतो. गेली बरीच वर्षं मी भाडेकरारांचंच काम करतो.

हा १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्यातलं कलम २४ तुमच्यासाठी आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपताच परत करणं लायसेन्सीवर (लायसन्सवर राहणाऱ्यावर) बंधनकारक आहे. नाही केली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (याच कायद्याखाली अशा कामांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करू शकतो, आणि मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत लायसन्स फीच्या (म्हणजे करारातल्या भाड्याच्या) दुपटीने नुकसानभरपाई मागू शकतो. तुमच्या बाबतीत महिना ३६,०००. दिवाणी कोर्टात जायचं नाही. पुण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचं स्वतंत्र कार्यालय आहे.

आईंबद्दल: याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलंय की मालकाच्या मृत्यूनंतर जो वारस मालक होतो तोही 'मालक' धरला जातो. म्हणजे त्या अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला, सोसायटीत शेअर सर्टिफिकेट आईंच्या नावावर करायचा अर्ज आणि तुमच्यासह इतर वारसांची ना-हरकत एवढं आताच तयार ठेवा. समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. प्रवास आईंना झेपणार नसेल तर तुमच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून घ्या.

तुमची सगळ्यात जमेची बाजू म्हणजे करार नोंदलेला आहे. '११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' असं अजूनही एजंट बिनदिक्कत सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. याउलट लेखी लायसन्स करारातली वस्तुस्थिती कलम २४ च्या कामात निर्णायक पुरावा मानतात. बाबांनी मोठं काम करून ठेवलंय.

ठाणेकर_घरमालक

कागदपत्र यांनी कायदा नीट सांगितलाय. प्रत्यक्षात काय होतं ते मी सांगतो, माझे ठाण्यात दोन फ्लॅट भाड्याने आहेत आणि एकदा या वाटेने गेलो आहे.

कायद्यात प्रक्रिया छोटी आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लायसेन्सीने शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागायची. मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. पण ते ३० दिवस समन्स हातात पडल्यापासून मोजतात आणि खरी रखडपट्टी तिथेच होते. दार उघडत नाहीत, 'साहेब गावाला गेलेत' सांगतात. तारखाही लांबच्या पडतात. म्हणून हा रस्ता हाताशी ठेवावा, पण समोरचा बोलायला तयार असेल तर आधी लेखी बोलणं करावं.

तुमची माणसं बोलतायत. त्यांच्याकडून साधं पत्र घ्या: करार ३१ ऑक्टोबरला संपला हे मान्य, इतकी रक्कम थकली हे मान्य, परीक्षेनंतर अमुक तारखेला रिकामा ताबा देऊ. तारीख आकड्यात, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. आणि तुम्हीही मोकळेपणाने सांगा की त्या तारखेला गेलात तर दुप्पट मागणार नाही. लोक धमकीपेक्षा अशा शब्दाला जास्त जागतात, असा माझा अनुभव आहे.

वाकडची_मीरा

माझं मत थोडं वेगळं आहे. पत्रापेक्षा आईंच्या नावाने नवा, छोटा, नोंदलेला करार करावा, एप्रिलअखेरपर्यंतचा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के (परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात येतं), महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. खर्च काही नाही. आणि भाडेकरू स्वतःच्या अंगठ्याने आईंना मालक मान्य करतात, वारसाचा प्रश्नच उरत नाही.

कागदपत्र

मीराताई, मुद्दा चांगला आहे, वारसाच्या बाजूने हा कागद भक्कम होईल. पण दोन गोष्टी बघा. नवा करार झाला की तो संपेपर्यंत कलम २४ चा अर्ज करता येणार नाही, आणि नोव्हेंबरपासूनच्या दुप्पट भरपाईचा दावाही अडचणीत येईल. शिवाय ज्याच्याकडे आज भाड्याला पैसे नाहीत त्याच्याशी नवा भाडेकरार करायचा, हे मला पटत नाही. करायचाच असेल तर थकबाकीची कबुली वेगळ्या कागदावर आधी घ्या. मी मात्र ठाणेकरांचं पत्र निवडेन, आणि त्याबरोबर वकिलामार्फत एक नोटीस. नोटिशीची भाषा सौम्य असू द्या, पण 'मुदत वाढवलेली नाही, फक्त ताबा द्यायला सवलत दिली आहे' हे वाक्य त्यात हवंच.

नाशिककर_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. कलम २४ मधलं वारसाचं वाक्य आईला वाचून दाखवलं, तिला फार धीर आला.

काल त्यांच्याशी बोलले. पत्र द्यायला दोघं तयार आहेत, ३१ मार्चची तारीख त्यांनीच सुचवली. वहिनी म्हणाल्या, "परीक्षा झाली की आम्ही सासवडला सासऱ्यांकडे जातो." मला ते खरं वाटलं. आज सकाळी त्यांनी यूपीआयने १०,००० पाठवले आहेत. हे ठेवू की परत करू? भाऊ म्हणतो परत कर, नाहीतर करार चालू असल्याचं धरतील. पण आईला त्या पैशांची गरज आहे.

कागदपत्र

ठेवा. फक्त आजच उत्तर पाठवा आणि तो मेसेज जपून ठेवा: '३१ ऑक्टोबरला करार संपल्यानंतरच्या वापरापोटी १०,००० रुपये, आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून मिळाले.' यात 'भाडं' हा शब्द कुठेही नको, महिन्याचं नावही नको. पुढे जे पैसे येतील त्यांनाही हेच वाक्य.

अनामतीचाही हिशोब पत्रातच लिहा: थकबाकी, लाईट बिल आणि मोडतोड वजा करून उरेल ते चावी घेताना देऊ. वीज मीटर बाबांच्या नावावर असेल तर महावितरणचं बिल थकलंय का हे ऑनलाइन आत्ताच बघा, ती बाकी मागाहून तुमच्याच गळ्यात पडते.

ठाणेकर_घरमालक

३१ मार्चला स्वतः जा, किंवा भावाला पाठवा. खोल्यांचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो, 'रिकामा ताबा मिळाला' असं दोघांच्या सहीचं पत्र, आणि सोसायटीच्या कार्यालयात त्याची प्रत. चावी वॉचमनकडे ठेवून गेले असं होऊ देऊ नका. सामान अर्धं राहिलं तर ताबा मिळाला असं धरू नका.

सोसायटी_सचिव_कोथरूड

नॉन-ऑक्युपन्सीचं (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी लावते त्या शुल्काचं) कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे: हे शुल्क सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. २,४०० वर जास्तीत जास्त २४० होतात. १,५०० चूक आहे. सर्वसाधारण सभेने ठराव केला असला तरी तो या आदेशापुढे टिकत नाही. समितीला लेखी पत्र द्या, आदेशाची तारीख लिहा, पोच घ्या आणि जादा घेतलेली रक्कम पुढच्या बिलांत वळती करायला सांगा. ऐकलं नाही तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. शेअर सर्टिफिकेटच्या अर्जासोबतच हे पत्र दिलंत तर एकाच खेपेत दोन्ही कामं होतील.