हमबकर म्हणजे फिल्टर नव्हे, आणि सिंगल कॉइलवाले बहिरे नव्हेत

मंद्रसप्तक (फोंडा)

काल ‘गुणगुण_नको’ यांनी इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपबद्दल (तारांखालचा, आवाज पकडणारा भाग; एका कॉइलचा तो सिंगल कॉइल, गुणगुण मारायला दोन कॉइलचा तो हमबकर) लिहिलं: "हमबकरात दोन कॉइल असतात. एक गिटार ऐकते, दुसरी फक्त नॉइज ऐकते, मग दुसरीचं पहिलीतून वजा होतं, संपला विषय. आजच्या काळात सिंगल कॉइल वाजवणारे एकतर कंजूस नाहीतर बहिरे." खाली ढीगभर लाइक. कालपासून डोक्यात बसलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

दोन्ही कॉइल दोन्ही ऐकतात. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, तीच कॉइल. चुंबकामुळे वरची स्टीलची तार स्वतःच थोडीशी चुंबक होते, ती हलली की कॉइलमधून जाणारं क्षेत्र कमीजास्त होतं आणि व्होल्टेज तयार होतं. पण त्याच कॉइलला अँपच्या ट्रान्सफॉर्मरचं आणि भिंतीतल्या वायरिंगचं 50 हर्ट्झचं क्षेत्रसुद्धा लागतं. कॉइलला काय कळणार कुठलं तारेचं आणि कुठलं लाइटीचं.

आता युक्ती बघा. दुसरी कॉइल उलटी जोडायची, म्हणजे बाहेरून आलेली गुणगुण एकीत अधिक, दुसरीत उणे, बेरीज जवळजवळ शून्य. पण एवढंच केलं तर तारेचा आवाजही असाच मरेल. म्हणून दुसरीचं चुंबकही उलटं ठेवतात, एकीवर उत्तर ध्रुव वर आणि दुसरीवर दक्षिण. तारेचा सिग्नल जन्मतोच मुळी चुंबकामुळे, त्यामुळे तो दोनदा उलटतो, एकदा चुंबकाने आणि एकदा जोडणीने, म्हणजे परत सुलटा, आणि दोन्ही कॉइलचा मिळून आवाज वाढतो. बाहेरच्या गुणगुणीला पिकअपच्या चुंबकाशी काही देणंघेणं नाही, ती एकदाच उलटते आणि कटते. म्हणजे कोणीही ‘फक्त नॉइज’ ऐकत नाहीये, आणि फिल्टर तर कुठेच नाही, 50 हर्ट्झ कापणारा फिल्टर असता तर बेसवाल्यांचा खालचा जी हा सूर पण गेला असता!

आणि कंजूस-बहिरे वगैरे बोलायचं असेल तर आधी क्लीन टोनवर (अँपने आवाज न फाडता) स्ट्रॅट, म्हणजे फेंडर कंपनीची तीन सिंगल कॉइलवाली गिटार, वाजवून बघा हो. दोन कॉइल तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात, त्यामुळे वरचे काही हार्मोनिक्स (मूळ सुरासोबतचे वरचे सूर) एकमेकांना मारतात, वर दोन कॉइल सीरिजमध्ये असल्याने इंडक्टन्स (कॉइलचा बदलत्या करंटला होणारा विरोध) वाढतो आणि रेझोनन्स (पिकअप जिथे सर्वात जोरात बोलतो ती जागा) खाली सरकतो. ती खणखणीत धार जाते. ज्याला ती धार हवी तो गुणगुण सोसतो, हा त्याचा निर्णय आहे.

गुणगुण_नको (म्हापसा)

एवढा निबंध कशाला? शेवटी वजाबाकीच ना. मी सोप्या भाषेत सांगितलं, तुम्ही कठीण भाषेत सांगितलं, फरक काय पडला. आणि ‘धार’ वगैरे क्लीनवर ठीक आहे, गेन (आवाज फाडणारं अँपचं बटण) वाढवला की सिंगल कॉइलचा आवाज म्हणजे नुसतं मधमाश्यांचं पोळं. बीच शॅकमध्ये वाजवून बघा, शेजारी डीप फ्रीझर, डोक्यावर सीरिजचे दिवे, पाठीमागे जनरेटर. दोन गाण्यांच्या मधे पब्लिक विचारतं आवाज कसला येतोय. तिथे तुमचे हार्मोनिक्स कोण ऐकतो?

बेसवाला_डिचोली

मंद्रसप्तकाने जी चं बरोबर सांगितलं. बेसचा खालचा जी 49 हर्ट्झचा, आपली लाइट 50 ची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी धरून ठेवला की गुणगुणीबरोबर सेकंदाला एक हेलकावा ऐकू येतो, मी बरेचदा ट्यूनर बंद असला की त्यावरच अंदाज घेतो. अमेरिकेत 60 हर्ट्झ, तिकडे जी वर हा प्रकार नाही.

आणि तुम्ही गिटारवाले नेहमी असं बोलता जणू बेस अस्तित्वातच नाही. फेंडरने 1957 साली प्रिसिजन बेसला तुकडे केलेला पिकअप लावला, दोन तारांना एक कॉइल, उरलेल्या दोघींना दुसरी, चुंबक आणि जोडणी एकमेकींच्या उलट. गुणगुण जाते, आणि प्रत्येक तारेला एकच कॉइल ऐकते, त्यामुळे हार्मोनिक्स मरायचा प्रश्न नाही. धार पण राहिली, शांतता पण. तुमचं भांडण आमच्याकडे तेव्हाच मिटलंय.

पेटंटवेडा

इतिहास येणारच होता तर नीट येऊ दे. गिब्सन गिटार कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, पेटंट 1959 मध्ये मिळालं. मधल्या काळातल्या पिकअपखाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असा स्टिकर, त्यावरूनच पीएएफ हे नाव. आणि नंतर ‘पेटंट नंबर’ छापलेला स्टिकर आला त्यावरचा नंबर पिकअपचा नव्हताच, गिटारवादक लेस पॉलच्या टेलपीसच्या (तारा मागे अडकवायच्या भागाच्या) पेटंटचा होता! त्याच सुमारास रे बट्सने ग्रेच कंपनीसाठी फिल्टरट्रॉन हा हमबकर बनवला, त्याचं नाव कोणी घेत नाही.

शुभ्रतार (मडगाव)

मी मुलांना गिटार शिकवते, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांची तक्रार हीच असते की गिटार गुणगुणते, आणि पालक लगेच म्हणतात महागडे हमबकर टाकूया. मी आधी त्यांना खुर्चीवर बसल्या बसल्या हळूहळू फिरायला सांगते. सिंगल कॉइल एका दिशेला खूप ओरडते आणि एका कोनात जवळजवळ गप्प बसते. तो कोन सापडला की समजायचं हे चुंबकीय हम (गुणगुण) आहे. अँपपासून दोन पावलं लांब गेलं तरी खूप फरक पडतो.

फिरूनही काही बदललं नाही, वर आवाज घुंई नसून चरचरीत भणभण असेल, आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल, तर ते वेगळं प्रकरण. ते इलेक्ट्रिक फील्ड. त्याला गिटारीच्या पोटात तांब्याचा फॉइल लावून ग्राउंडला जोडावा लागतो. फॉइलने 50 हर्ट्झचं चुंबकीय हम अडत नाही, आणि नुसत्या हमबकरने ही भणभण पूर्ण जात नाही. दोन वेगळे रोग, दोन वेगळी औषधं. हे मात्र मंद्रसप्तकदादांनी लिहायला हवं होतं, तुमच्या पोस्टवरून वाटतं हमबकर लावला की सगळं शांत.

गुणगुण_नको

ताई, भणभणीसाठी फॉइल कशाला? अँपच्या प्लगची जाडी पिन काढून टाका, एका मिनिटात शांत. मी इतकी वर्षं तसंच वाजवतोय.

साउंडमामा

थांब. हे वाक्य इथे नवीन पोरं वाचतायत म्हणून लिहितो, नाहीतर मी या गिटारच्या भांडणात पडत नाही.

ती जाडी पिन अर्थची. तुझ्या गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून, अँपच्या चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात, आणि चेसिस त्या पिनमधून जमिनीला. पिन काढलीस की अँपमध्ये काही बिघाड झाला तर फेज सरळ तुझ्या तारांवर. समोरचा माइक माझ्या मिक्सरला, मिक्सर नीट अर्थ केलेला. एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की करंटला रस्ता मिळाला, तो तुझ्या छातीतून.

आमच्याच भागात एका देवळाच्या जत्रेत नाटकाच्या आधी ऑर्केस्ट्रा होता, गिटारवाल्याने असाच प्लग लावलेला, मला सांगितलंही नाही. पहिल्या ओळीला तोंड माइकजवळ नेलं आणि ओठावर ठिणगी, पोरगा मागे कोसळला. मी मेन खेचला म्हणून वाचला. ओठावर पांढरा डाग होता त्याच्या, आणि बोटांवर तारांच्या रेषा उमटलेल्या. त्यानंतर माझ्या स्टेजवर कोणाचा प्लग हातात घेऊन बघितल्याशिवाय मी लाइट देत नाही.

गुणगुण_नको

मामा, तो अँपच खराब असणार. चांगला अँप असेल तर काही होत नाही. उगाच पोरांना घाबरवू नका.

साउंडमामा

चांगला अँप खराब होतो तो तुला आधी कळवून होतो काय रे? 1972 मध्ये स्टोन द क्रोज बँडचा लेस्ली हार्वी स्वॉन्सीला भर कार्यक्रमात गेला, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून. 1976 मध्ये यार्डबर्ड्स बँडचा कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना शॉक लागून गेला. ते काय नवशिके होते?

मंद्रसप्तक

मामांच्या प्रत्येक शब्दाला पाठिंबा. विषय पिकअपचा आहे, पण हे चालू दे.

बेसवाला_डिचोली

पिन काढू नये हे मान्य, पण मामा, पिन असून तरी काय उपयोग, आमच्या जुन्या घरात तिसऱ्या भोकात वायरच नाही! आणि मंडपात एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडलेलं, अर्थ कुठे हरवला देवाला ठाऊक. शिवाय कॉन्ट्रॅक्टरला विचारलं की म्हणतो काल दुसऱ्या गावात चालत होतं. कार्यक्रमाचा अर्धा वेळ हे शोधण्यात, मग 10 वाजता पोलीस येऊन बंद करा म्हणणार, वाजवायचं कधी?

साउंडमामा

10 चा कायदा 2000 पासून आहे, त्याची तक्रार मी करणार नाही, शेजारी आजारी माणसं असतात. सात वाजता वेळेवर सुरू करा.

अर्थचं सांगतो. आपला जांभा दगड, एप्रिल-मे मध्ये जमीन कोरडी ठाक, खड्ड्यात कोळसा-मीठ घातलं तरी पाणी ओतल्याशिवाय अर्थ लागत नाही. मी मंडपात पोचलो की पहिलं काम बादलीभर पाणी. दुसरं, स्टेजवरचे सगळे अँप आणि मिक्सर एकाच बोर्डवरून, म्हणजे ग्राउंड लूपची (अर्थला दोन वाटा मिळाल्याने होणारी) गुणगुण बरीच टळते. फोकसचे डिमर वेगळ्या फेजवर आणि त्यांच्या केबल सिग्नलच्या केबलपासून लांब. तिसरं, 30 मिलिअँपची आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच), ती नसेल तर मी सामान गाडीतून उतरवत नाही. तरी लूप राहिला तर डीआय बॉक्सचा (वाद्याचा सिग्नल मिक्सरला नेणाऱ्या डबीचा) ग्राउंड लिफ्ट दाबा. तो सिग्नल केबलचा ग्राउंड सोडतो, मेनचा अर्थ जागेवर राहतो. पिन तोडणं आणि हे यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

शुभ्रतार

मामा, हे मी प्रिंट काढून क्लासच्या दारावर लावतेय.

गुणगुण_नको

बरं बाबा, पिनचं सोडलं, आज नवीन प्लग बसवतो, झालं समाधान? पण मूळ मुद्द्यावर मी हरलेलो नाही. स्टॅक पिकअप बघा, एकावर एक ठेवलेल्या दोन कॉइल, सिंगल कॉइलच्या आकाराच्या. त्यात खालची कॉइल तारेपासून लांब, ती नॉइजच ऐकते आणि वरचीतून वजा होतं. डमी कॉइलमध्ये, म्हणजे फक्त गुणगुण पकडायला लावलेल्या जादा कॉइलमध्ये, तर चुंबकच नसतं. म्हणजे मी लिहिलेलं शब्दशः बरोबर.

मंद्रसप्तक

स्टॅक आणि डमीपुरतं बरोबर, घ्या. पण तुम्ही हमबकर लिहिलं होतं, स्टॅक नाही. आणि स्टॅकमध्येही खालची कॉइल तारेचं थोडं ऐकतेच, चुंबक दोन्हींतून आरपार एकाच दिशेने जातो, त्यामुळे ते थोडंसं वजा होतं आणि आउटपुट पडतो. मग आउटपुट भरून काढायला वेढे वाढवा, की टोन बदलला. फुकट काही मिळत नाही. डमी कॉइलला पण स्वतःचा इंडक्टन्स असतो, तो सर्किटमध्ये बसला की वरचा आवाज खातोच.

गुणगुण_नको

पुस्तकातलं सगळं तोंडपाठ आहे तुम्हाला. चुंबक उलटणं एवढं महत्त्वाचं, हे कानाने कधी ऐकलंय का? मी माझ्या स्वस्तातल्या स्ट्रॅटमध्ये मधल्या पिकअपच्या नुसत्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. दोन आणि चार नंबर पोझिशनला (मधला आणि शेजारचा पिकअप एकत्र वाजतात तिथे) गुणगुण गायब! चुंबकाला हात पण लावला नाही. बोला आता.

मंद्रसप्तक

आणि आवाज कसा आला?

गुणगुण_नको

पातळ. नाकातून आल्यासारखा. म्हणून परत पूर्वीसारखं केलं. पण गुणगुण गेली होती हे नक्की.

मंद्रसप्तक

हेच तर पहिल्या पोस्टपासून सांगतोय हो! वायरी उलटल्या तेव्हा गुणगुण कटली आणि तिच्याबरोबर तारेचं खालचं अंगही कटलं, दोन पिकअप वेगळ्या जागी असल्याने उरलं ते पातळ. चुंबकही उलटं असतं तर गुणगुण गेलीच असती आणि आवाज भरलेला राहिला असता. तुमच्याच हातून झालेला प्रयोग आहे हा, पुस्तकातला नाही.

शुभ्रतार

गुणगुणदादा, आता खात्री करूनच टाका. होकायंत्र प्रत्येक पिकअपच्या खिळ्यांवर (तारांखालच्या धातूच्या टोकांवर) धरा, सुईचं कुठलं टोक ओढलं जातं बघा, मोबाइलवालं नको, खरं. तिन्हींवर एकच टोक आलं तर मधला उलटा नाही. मग वायरिंग सोडवून पिकअप एकटा मल्टिमीटरवर रेझिस्टन्सला लावा, पाच-सहा किलोओहम दाखवेल, खिळ्यांवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर उडतो की खाली, त्यावरून दिशा कळते.

गुणगुण_नको

केलं. तिन्हींवर सुईचं एकच टोक. तिन्हींचा आकडा वर उडतो. म्हणजे कंपनीने मधला उलटा दिलेलाच नाही. चुंबक कसं उलटायचं ते सांगा, खिळे बाहेर ठोकून काढू काय?

मंद्रसप्तक

अजिबात नको! खिळेच चुंबक असतील तर वेढे थेट त्यांच्यावर असतात, ठोकलात तर बारीक तार तुटणार आणि पिकअप मेला. पण स्वस्त स्ट्रॅटमध्ये बहुतेक वेळा खिळे साधे स्टीलचे असतात आणि खाली सिरॅमिकची काळी पट्टी चिकटवलेली असते. तशी असेल तर कटरच्या पात्याने हळू सोडवा, पालथी करून परत चिकटवा, मग दोन वायरी उलट जोडा. दोन्ही एकदम करायचं, एकच केलं तर परत तो नाकातला आवाज.

गुणगुण_नको

काळी पट्टीच आहे. रविवारी करतो. जमलं तर सिंगल कॉइलवाल्यांना बहिरे म्हटलेलं मागे घेईन, कंजूस नाही.

साउंडमामा

सोल्डरिंग करताना अँपचा प्लग बोर्डातून काढून ठेव. आणि नवीन प्लगमध्ये हिरवी वायर जाड्या पिनलाच बसव, फोटो टाक इथे.