वादळाचे वेड नेमके कुठून लागते?

पोफळराई (फोंडा)

माझा भाचा आता नववीत आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा त्याची नुकतीच चौथी झाली होती आणि संचारबंदीमुळे तो आमच्याकडेच अडकून पडला होता. 16 मे, रविवार. पहाटेपासून जो वारा सुटला तो दुपार टळेपर्यंत थांबला नाही आणि तेवढ्या वेळात आमच्या कुळागरातील सदतीस पोफळी व दोन माड आडवे झाले. आम्ही मोठी माणसे नुकसान मोजत हिंडत होतो. हा मुलगा मात्र प्रत्येक पडलेल्या पोफळीपाशी थांबून तिचा शेंडा कुणीकडे आहे ते पाहत होता आणि वहीच्या पाठकोऱ्या कागदावर बाण काढत होता. वीज पुढे पाच दिवस आली नाही. त्या पहिल्याच रात्री मेणबत्तीच्या उजेडात त्याने मला विचारले, "मामा, पहाटे पडलेल्या पोफळी वायव्येकडे गेल्या आणि दुपारच्या ईशान्येकडे, असे कसे?" मला उत्तर येत नव्हते, वाऱ्याचा काय भरवसा, असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली.

त्या दिवसापासून जे लागले ते सुटलेले नाही. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की आमच्या आधी त्याला कळते. अटलांटिकमधील हरिकेनांची, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांची, नावे त्याला क्रिकेटपटूंच्या नावांसारखी पाठ आहेत. माझी बहीण काळजीत आहे. ज्या गोष्टीने माणसे मरतात, घरे पडतात, तिच्यात मुलाने इतके रमावे हे तिला बरे वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर बातम्यांत वादळाचे नाव ऐकून त्याचे डोळे चमकतात तेव्हा मलाही क्षणभर चमत्कारिक वाटते. येथे हवामानाची आवड असलेले बरेच जण लिहितात म्हणून विचारतो: आपल्याला ही ओढ प्रथम कशी लागली? आणि ती कशाची होती?

बंदरकर (वास्को)

माझ्या बाबतीत वादळ आधी आलेच नाही, आधी आला तो बावटा. आमचे घर मुरगाव बंदराच्या वरच्या चढावर होते आणि वडील बंदरात नोकरीला होते. पावसाळ्याच्या तोंडाशी ते घरी आले की पहिले वाक्य ठरलेले असे: "तीन नंबर लागला." एवढे ऐकले की आई गच्चीवरचे वाळवण आवरायला घेई आणि शेजारचे होडीवाले काका दोर घेऊन खाली उतरत. एका आकड्याने इतकी माणसे हलतात, याचेच मला नवल वाटे.

एकदा वडिलांनी सगळे आकडे समजावून सांगितले. आपल्याकडे बंदरांवर एक ते अकरा असे इशारे असतात. पहिले दोन दूर समुद्रातील वादळाचे, तिसरा आणि चौथा स्थानिक सावधगिरीचे, पाच ते सात धोक्याचे आणि आठ ते दहा महाधोक्याचे. मी विचारले, मग अकरा म्हणजे काय, दहापेक्षा मोठे वादळ? ते म्हणाले, नाही. अकरा म्हणजे हवामान खात्याशी संपर्क तुटला आहे आणि हवा बिघडण्याची भीती आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. दहा नंबरचे वादळ मी डोळ्यांपुढे आणू शकत होतो, पण काय येत आहे हे सांगणाराच कोणी उरलेला नाही, ही कल्पना माझ्या लहान डोक्यात मावत नव्हती. माझी ओढ तिथून सुरू झाली. पुढे मीही बंदरातच नोकरी केली. अकरा नंबर कधी लागलेला पाहिला नाही आणि तो न पाहिल्याची हळहळही नाही.

भूगोलशिक्षिका_म्हापसा

आपल्या भाच्याने जे केले तेच सव्वादोनशे वर्षांच्या आत अमेरिकेतील एका माणसाने केले होते आणि चक्रीवादळांचे शास्त्र बऱ्याच अंशी तेथून सुरू झाले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विल्यम रेडफील्ड हे कनेक्टिकट राज्यात घोड्यांची खोगिरे बनवणारे गृहस्थ. 1821 च्या सप्टेंबरात त्या भागातून एक मोठे हरिकेन गेले. त्यानंतर काही दिवसांनी ते मॅसॅच्युसेट्सकडे पायी निघाले असता त्यांच्या ध्यानात आले की आपल्या गावाकडे उन्मळलेल्या झाडांचे शेंडे वायव्येकडे आहेत, तर पश्चिमेला बरेच अंतर चालून गेल्यावर तीच झाडे नेमकी उलट, आग्नेयेकडे शेंडे करून पडली आहेत. सरळ रेषेत वाहणारा वारा असे करूच शकत नाही. वादळ हा प्रचंड भोवरा असला पाहिजे आणि तो भोवरा स्वतःभोवती फिरत पुढे सरकत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मात्र तो छापून यायला 1831 साल उजाडले. मधली दहा वर्षे ते जहाजांच्या नोंदी आणि इतर पुरावे गोळा करत राहिले. त्यांचेच काम पुढे नेणाऱ्या माणसांपैकी एक हेन्री पिडिंग्टन हे कोलकात्यात होते, आणि सापाच्या वेटोळ्यावरून 'सायक्लोन' हा शब्द त्यांनी तेथे बसून घडवला. जगभर वापरला जाणारा हा शब्द बंगालच्या उपसागराच्या काठी जन्मला, हे वर्गात सांगितले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करतात.

आता आपल्या पोफळींकडे वळू. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर वादळाचे केंद्र साधारणपणे आपल्या डाव्या हाताला असते. तौक्ते आपल्या किनाऱ्याला समांतर, समुद्रातून उत्तरेकडे गेले. त्या सकाळी ते पणजीच्या पश्चिमेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आसपास होते आणि पुढे 17 तारखेच्या रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले. केंद्र नैर्ऋत्येला असताना आपल्याकडे वारा आग्नेयेकडून येणार, म्हणजे झाडे वायव्येकडे पडणार. केंद्र पश्चिमेला आले की वारा दक्षिणेकडून, आणि ते वायव्येला सरकले की नैर्ऋत्येकडून. तेव्हा पडणाऱ्या झाडांचे शेंडे ईशान्येकडे. एकाच कुळागरात दोन दिशा दिसल्या याचे कारण झाडे वेगवेगळ्या वेळी पडली. अर्थात डोंगराची सोंड, ओढ्याची घळ, मुळाशी साचलेले पाणी यांनीही झाडाची दिशा बदलते, तेव्हा एका कुळागरावरून सिद्धान्त मांडू नये. पण चौथीतल्या मुलाने झाडे नुसती न मोजता त्यांच्या दिशा टिपल्या, याचे मला फार कौतुक वाटले. त्याने काढलेले ते बाण अजून असतील तर कृपा करून फेकू नका.

मला स्वतःला ओढ कशी लागली हे सांगायचे राहिले. दूरदर्शनवरच्या बातम्यांच्या शेवटी हवामानाबरोबर उपग्रहाचे काळेपांढरे चित्र दाखवत असत. त्यात एके दिवशी ढगांच्या पांढऱ्या चकतीच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला आणि वडील म्हणाले, तो डोळा आहे, तेथे वारा पडलेला असतो. एवढ्या धुमाकुळाच्या मध्यभागी शांतता असते हे मला कितीतरी दिवस खरे वाटले नव्हते.

मांद्रे_किनारा

वरचे सगळे वाचले, चांगले आहे. पण आपल्या बहिणीच्या बाजूनेही कोणीतरी लिहिले पाहिजे.

2017 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळ आले तेव्हा आमचा शॅक, म्हणजे किनाऱ्यावरचे हंगामी उपाहारगृह, नुकताच उभा राहिला होता. हंगामासाठी काढलेल्या कर्जाचा पहिला हप्ताही फिटलेला नव्हता. त्या रात्री आमच्याकडे वारा नव्हता, पाऊस नव्हता, आकाशात पौर्णिमेचा चंद्र स्वच्छ दिसत होता. वादळ दूर समुद्रात कुठेतरी होते. आणि त्या चांदण्यात पाणी आवाज न करता वर आले. लाट फुटून आली असती तर आम्ही सावध झालो असतो. हे पाणी नुसते चढले, वाळूवरून सरकत खुर्च्यांच्या पायांशी आले, मग खुर्च्या हलल्या, मग फ्रीज तिरका झाला. सकाळी लाकडी फळ्या शोधत आम्ही पाऊण किलोमीटर चाललो. ज्यांची माणसे त्या वादळात केरळ-तमिळनाडूच्या समुद्रातून परतली नाहीत त्यांच्यापुढे आमचे दुःख काहीच नाही, हेही मला कळते.

म्हणून उपग्रहाच्या चित्राला कोणी 'सुंदर' म्हटले की माझ्या कपाळावर आठी पडते. त्या ढगाखाली कोणीतरी दोर धरून उभे असते.

तरीही एक कबुली देतो. त्या रात्रीनंतर मीदेखील सुटलेलो नाही. वारा नसताना पाणी कसे चढले, याचा छडा लावल्याशिवाय मला चैन पडेना. वादळात उठलेल्या लांब पल्ल्याच्या लाटा वादळाच्या पुढे धावतात, शेकडो किलोमीटर तुटत नाहीत, आणि पौर्णिमेच्या भरतीशी त्यांची गाठ पडली की किनाऱ्यावर असे होते, हे मी पुढे वाचले. आता हैदराबादच्या इन्कॉईस संस्थेचा उंच लाटांचा इशारा मी रोज सकाळी पाहतो. आमचा शॅक आता नाही, तरीही पाहतो. याला आवड म्हणायचे की धास्ती, ते मला ठरवता आलेले नाही.

भूगोलशिक्षिका_म्हापसा

मांद्रेकरांचे म्हणणे मला मान्य आहे. वर मी डोळ्याच्या शांततेबद्दल लिहिले ते टीव्हीसमोर कोरड्या पायांनी बसून पाहिलेले होते, हे मी ध्यानात घ्यायला हवे होते.

एवढेच जोडते की या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात. क्यूबाची राजधानी हवाना येथे बेनितो विन्येस नावाचे जेझुइट पाद्री होते. आपल्या गोव्याला जेझुइटांची ओळख वेगळ्या कारणांनी आहे, पण हे 1870 पासून तेथील बेलेन विद्यालयाच्या वेधशाळेचे प्रमुख होते. उंच आकाशातील तंतूंसारखे ढग कोणत्या दिशेने पसरत आहेत हे ते तासन्‌तास पाहत आणि त्यावरून वादळ कुठे आहे याचा अंदाज बांधत. वादळ येऊन गेले की नुकसान झालेल्या गावांत स्वतः जात, लोकांना विचारून टिपणे घेत. 1875 च्या सप्टेंबरात त्यांनी हरिकेन येण्याआधीच त्याची सूचना प्रसिद्ध केली. त्या भागातील अशी ती पहिली सूचना मानली जाते. ढगांकडे पाहताना त्यांचेही डोळे चमकत असतील, असे मी धरून चालते.

सकाळी_साडेआठ (वाळपई)

मोठ्या वादळाची माझ्याकडे एकही आठवण नाही. मी फक्त पाऊस मोजते. सरळ कडांच्या भांड्यात एक मिलिमीटर पाणी साचले म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाऊस झाला, हे शाळेत कळले तेव्हा मी घराच्या कौलांवर किती लिटर पाणी पडले याचा हिशेब करत बसले आणि उत्तर पाहून थक्क झाले. तेव्हापासून वही आहे. हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठला नोंद करते. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर गेला तर मुसळधार आणि 204.5 च्या वर गेला तर अत्यंत मुसळधार. वाळपईत राहणाऱ्याला पहिल्याचे काही वाटत नाही.

भाच्यासाठी एक सुचवते. बऱ्याच फोनांत हवेचा दाब मोजणारा भाग असतो. त्याला दर तीन तासांनी आकडा लिहायला सांगा. वादळ नसतानाही दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास अधिक, पहाटे चार आणि दुपारी चारला कमी. हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलांचा (दाब मोजण्याचे एकक) असतो. एकदा ही नेहमीची चाल ओळखीची झाली की बिघडलेली चाल आपोआप दिसते. मात्र फोन एकाच जागी ठेवून मोजावे, कारण आठेक मीटर वर चढले तरी दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो आणि माडीवर गेलेल्या मुलाला वादळ आल्यासारखे वाटते.

पोफळराई (फोंडा)

सर्वांचे आभार. मांद्रेकरांचे उत्तर मी बहिणीला मोठ्याने वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्याला हे वाचायला दे." त्याने वाचले. फ्रीज तिरका झाला त्या वाक्याशी तो थांबला आणि मला म्हणाला, "मामा, त्या दिवशी आपल्या पोफळी गेल्या तेव्हा तू रडला होतास का?" मी नाही म्हटले, जे खोटे होते.

दाबाची नोंद गेल्या रविवारपासून सुरू झाली आहे. पहाटे चारचा आकडा घ्यायला तो गजर लावून उठतो आणि घरातले सगळे त्याच्याबरोबर उठतात, ही तक्रार वाळपईच्या ताईंच्या नावावर नोंदवून ठेवतो.

बाणांचा कागद सापडला. तो त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला होता, मला माहीत नव्हते. वर शाळेच्या वहीची समासरेषा, खाली ओढा, एका कोपऱ्यात देऊळ आणि मध्ये सदतीस बाण. बाईंचे उत्तर वाचून त्याने आता प्रत्येक बाणापुढे झाड पडल्याची वेळ लिहायला घेतली आहे आणि त्यासाठी आम्हा सगळ्यांची उलटतपासणी चालू आहे: पहिला आवाज चहाच्या आधी झाला की नंतर, विहिरीकडची पोफळ गेली तेव्हा आजी जेवत होती का. दोन माडांच्या जागी मात्र नुसती वर्तुळे आहेत, बाण नाहीत. ते माड वाटेवर पडले होते आणि तो झोपेतून उठून खाली यायच्या आत आम्ही ते कापून बाजूला केले होते.