मदत हवी आहे: अभ्यास मंडळाची निवडणूक – यादीत नाव नाही, आणि पसंतीक्रमाची मोजणी कशी होते?

पाटीपेन्सिल:
संलग्न महाविद्यालयात भूगोल विभागप्रमुख आहे. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर (विषयाचा अभ्यासक्रम ठरवणारं मंडळ) विभागप्रमुखांमधून तीन जण निवडून द्यायचे आहेत. तात्पुरत्या मतदार यादीत आमच्या महाविद्यालयापुढे निवृत्त झालेल्या विभागप्रमुखांचंच नाव आहे. प्रश्न तीन:
1. नाव बदलून घ्यायला नेमकं काय द्यावं लागतं?
2. उमेदवारी अर्ज कशामुळे बाद होतात?
3. मतदार पन्नासच्या आसपास आहेत. आमच्या विचाराचे तीन उमेदवार उभे करावेत की दोन? तीन उभे केले तर मतं फुटतील, असं सगळे म्हणताहेत.

जुनी वही:
पहिला प्रश्न सगळ्यात तातडीचा, कारण यादी अंतिम झाली की विषय संपला. मतदानाच्या दिवशी प्राचार्यांचं पत्र घेऊन गेलात तरी केंद्रावर कोणी ऐकणार नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 प्रमाणे कुलसचिव हे निवडणूक निर्णय अधिकारी असतात. हरकत त्यांच्याच नावे, निवडणूक विभागात, मुदतीच्या आत. विद्यापीठाने नमुना दिला असेल तर त्यातच, नसेल तर साध्या अर्जावर. सोबत एवढं जोडा:

– तुमच्या नेमणुकीला विद्यापीठाने दिलेलं मान्यता पत्र
– विभागप्रमुख म्हणून कार्यभार दिल्याचा प्राचार्यांचा आदेश, जावक क्रमांक आणि तारखेसह
– आधीचे विभागप्रमुख निवृत्त झाल्याचं पत्र
– यादीतल्या त्या पानाची प्रत, अनुक्रमांकाभोवती खूण करून

अर्जात मागण्या दोन हव्यात: अमुक अनुक्रमांकाचं नाव वगळावं आणि त्या जागी माझं घालावं. नुसतं ‘माझं नाव घाला’ लिहिलं तर एका महाविद्यालयातून एकाच विषयाचे दोन विभागप्रमुख दिसतात आणि अर्ज अडकून पडतो. आवक शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. ईमेल जरूर करा, पण फक्त त्यावर विसंबू नका.

नावाचं स्पेलिंगही आत्ताच बघा. मान्यता पत्रावर माहेरचं आडनाव आणि ओळखपत्रावर सासरचं, ही भानगड दर वेळी निघते.

पाटीपेन्सिल:
विभागात तासिका तत्त्वावरचे एक सहकारी आहेत. त्यांचं नाव घालता येईल का?

जुनी वही:
नाही. कायद्याच्या व्याख्येतला शिक्षक पूर्णवेळ आणि मान्यताप्राप्त असतो. शिवाय हा मतदारसंघ विभागप्रमुखांचा आहे, सगळ्या शिक्षकांचा नव्हे. अधिसभेच्या (सिनेटच्या) शिक्षक मतदारसंघाची यादी वेगळी असते. त्यात नाव आहे म्हणून इथे असेलच असं नाही. लोक तीच यादी बघून निर्धास्त राहतात.

अर्धविराम:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. छाननीत अर्ज उडतात ते फारच किरकोळ कारणांनी. सूचक किंवा अनुमोदक त्याच विषयाच्या यादीतला मतदार नसतो (शेजारच्या इतिहासवाल्यांची सही घेतलेली असते!). मतदार क्रमांक तात्पुरत्या यादीतला लिहिलेला असतो आणि अंतिम यादीत तो बदललेला असतो. संमतीच्या जागी उमेदवाराचीच सही राहून जाते. जागा राखीव असेल तर जात वैधता प्रमाणपत्र जोडलेलं नसतं. अनुभवाची अट उमेदवाराला लागू असते, तेव्हा तासिका तत्त्वावर काढलेली वर्षं त्यात मोजली जातील असं गृहीत धरू नका.

अर्ज शेवटच्या दिवशी नेऊ नका. वेळ पाचची असेल तर पाचच्या आत तो कार्यालयात पोचलेला हवा; पोस्टात टाकल्याची पावती चालत नाही. आणि वैध उमेदवार तीनच उरले तर मतदान होतच नाही, तिघे बिनविरोध. लहान विषयांत हे बरेचदा घडतं, म्हणून माघारीच्या तारखेवर लक्ष ठेवा.

लसावि:
तिसरा प्रश्न. ‘मतं फुटतील’ ही भीती विधानसभेच्या सवयीतून येते. इथे एकल संक्रमणीय मतपद्धत आहे. तुमचं मत एकच, पण ते पुढच्या पसंतीकडे सरकतं.

हिशेब मांडतो. राज्यसभेसारखं प्रत्येक वैध मतपत्रिकेचं मूल्य 100 धरू. समजा 49 जणांनी मत दिलं, 3 मतपत्रिका बाद, उरल्या 46. एकूण मूल्य 4600, जागा 3.

कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारं मूल्य = 4600 भागिले (3+1), अधिक 1 = 1151.

पहिल्या पसंतीची मतं: अ 1700, ब 1000, क 800, ड 600, ई 500.

अ निवडून आला. त्याचं अतिरिक्त मूल्य 549. त्याच्या 17 मतपत्रिकांपैकी 3 वर दुसरी पसंतीच नाही, म्हणजे सरकू शकतात 14. प्रत्येकीचं मूल्य 549 भागिले 14, अपूर्णांक सोडून 39. समजा दुसरी पसंती ईला 9, डला 3, कला 2:

ई 500+351 = 851
ड 600+117 = 717
क 800+78 = 878
ब 1000, तसाच

कोणी कोट्याला पोचलं नाही, म्हणून सगळ्यात खालचा ड बाद. त्याच्या स्वतःच्या 6 मतपत्रिका पूर्ण 100 मूल्याने सरकतात: 2 ईला, 1 बला, 3 कोऱ्या (पुढची पसंतीच नाही). अकडून आलेल्या 3 मतपत्रिका 39 मूल्यानेच पुढे जातात. त्या तिन्ही ईला. ई झाला 851+200+117 = 1168, निवडून आला. ब 1100, क 878. ईकडे जास्तीचे फक्त 17 आहेत, त्याने काही बदलत नाही. क बाद, तिसरी जागा बला.

पहिल्या पसंतीत शेवटचा असलेला ई आला, तिसरा असलेला क पडला. आता गंमत बघा. डच्या त्या 3 मतदारांनी पुढची पसंती कला दिली असती, तर क 1178 वर जाऊन निवडून आला असता आणि ब 1100 वर घरी गेला असता.

तेव्हा तीन उभे करा, हरकत नाही; पण तिघांच्या समर्थकांनी आपल्या तिघांपुढे 1, 2, 3 लिहिलंच पाहिजे. ‘फक्त मला 1 द्या, पुढे काही लिहू नका’ असा प्रचार करणारा उमेदवार आपल्याच गटाचा घात करतो. खालची पसंती लिहिल्याने वरच्याचं नुकसान होत नाही, कारण वरचा निवडून आल्यावर किंवा बाद झाल्यावरच ती उघडते. मात्र तीन जागांचा भरवसा धरायचा तर साधारण तीन चतुर्थांश मतदार सोबत हवेत. निम्म्याहून थोडे जास्त असतील तर दोन जागा येतील, आणि तिसरा उमेदवार असून नसून सारखाच.

पाटीपेन्सिल:
हे पहिल्यांदाच नीट कळलं. मतपत्रिका बाद कशाने होते?

लसावि:
‘1’ कोणापुढेच नसेल, दोघांपुढे असेल, आकड्याऐवजी बरोबरची खूण केली असेल, किंवा ओळख पटेल अशी सही-खूण असेल तर. 1, 2 आणि मग एकदम 4 लिहिलं तर मतपत्रिका बाद होत नाही; पहिल्या दोन पसंती चालतात, 4 धरत नाहीत. पेन केंद्रावर दिलेलंच वापरा.

मोजणीला प्रतिनिधी पाठवाल तो बेरजेत पक्का हवा. प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांची बेरीज, अधिक सोडलेले अपूर्णांक आणि कोऱ्या गेलेल्या मतपत्रिका, मिळून मूळ मूल्य यायला हवं. वरच्या उदाहरणात अचं अतिरिक्त मूल्य वाटल्यानंतर 4597 आणि सोडलेले 3. जुळलं नाही तर तिथेच थांबवा आणि फेरमोजणी लेखी मागा, निकाल जाहीर व्हायच्या आधी.

अर्धविराम:
थोडं अवांतर. मंडळावर कुलगुरूंनी नामनिर्देशित केलेले सदस्य तुम्हा तिघांपेक्षा जास्त असतात आणि अध्यक्षाची निवड पहिल्याच बैठकीत होते. निवडून आल्यावर सत्काराच्या गडबडीत त्या बैठकीची सूचना हुकवू नका.