शब्दचर्चा: ऑटोपायलट ‘सज्ज’ आहे की त्याने ‘धरलंय’?

प्रश्न

मंडळी, फ्लाइट सिम्युलेटरवरच्या बिघाडांची एक मराठी टिपणवही करतोय, पुतण्यासाठी आणि त्याच्यासारख्या नवख्यांसाठी. विषय एवढाच की बाहेरून आणून बसवलेल्या विमानांत रेडिओ आणि ऑटोपायलट रुसले तर काय बघायचं. ॲड-ऑन विमानाला ‘जोडविमान’, फ्रिक्वेन्सीला ‘वारंवारता’, स्टँडबायला ‘राखीव’ लिहिलंय. अडलोय ते ऑटोपायलटच्या ‘आर्म’ आणि ‘कॅप्चर’ला. दोन्हीकडे ‘चालू होणे’ लिहिलं, तर पुतण्या विचारतो, “काका, बटण तर चालूच आहे, मग विमान वळत का नाही?” रेडिओलाही काही धड शब्द असेल तर सांगा.

प्रतिसाद

जोडविमान छान आहे. जोडधंदा म्हणतोच की आपण. दोन विमानं एकमेकांना चिकटवली आहेत असं कुणाला वाटलंच, तर पहिल्या पानावर खुलासा करा.

वारंवारतेबद्दल: शाळेच्या पुस्तकात वारंवारता, मराठी विश्वकोशात कंप्रता. पुतण्या शाळेत जातो, तेव्हा पहिलीच ठेवा.

प्रतिसाद

रेडिओला नभोवाणी नको. नभोवाणी म्हणजे प्रसारण: एक बोलतो, गाव ऐकतं. कॉकपिटमधला कॉम रेडिओ दोन्ही बाजूंनी बोलायचा. त्याला पोलिसांकडे आहे तो ‘बिनतारी’ शब्द जवळचा. पण नॅव्ह रेडिओवर कुणी बोलत नाही, तो नुसता दिशा दाखवतो, म्हणजे तिथे बिनतारीही अडखळतो. मी तरी ‘रेडिओ’च ठेवीन. टेबल आणि पेनासारखा तो आता आपलाच आहे.

प्रतिसाद

नामं सोडा, घोळ क्रियापदांचा आहे. मराठीत रेडिओवर स्टेशन ‘लावतात’ आणि मग ते ‘लागतं’. लावणं आपल्या हातात, लागणं नाही. टिपणवहीत हा फरक काटेकोर पाळलात तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

नवखा आयएलएसची (उतरताना धावपट्टीची वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेची) वारंवारता, समजा ११०.३०, फिरवून आणतो आणि म्हणतो, लावली. पण आकडा बसलेला असतो राखीव खिडकीत. मधलं अदलाबदलीचं बटण दाबून तो चालू खिडकीत आणला नाही, तर रेडिओ जुनंच केंद्र ऐकत राहतो. ती लागली की नाही हे आकड्यावरून कळत नाही, ओळखसंकेतावरून कळतं. ऑडिओ पॅनेलवर नॅव्ह-१ चं बटण दाबायचं आणि मोर्स ऐकायचं. मुंबईच्या व्हीओआरचा (दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राचा) संकेत बीबीबी आहे, म्हणजे एक लांब आणि तीन आखूड, तेच तीनदा. ते ऐकू आलं की लागलं म्हणायचं. सुई हलत नसेल आणि मोर्सही नसेल, तर ऑटोपायलटला दोष देण्यात अर्थ नाही.

आता आर्म आणि कॅप्चर. आर्मला ‘सज्ज’, कॅप्चरला ‘धरणे’. ॲप्रोचचं, म्हणजे धावपट्टीकडे उतरायचं, बटण दाबलं की ऑटोपायलट सज्ज होतो: वाट बघतो, पण विमान अजून दिलेल्या दिशेनेच जात असतं. लोकलायझरची (धावपट्टीची सरळ रेषा दाखवणाऱ्या आयएलएसच्या संकेताची) सुई मध्याकडे सरकू लागली की तो तिला धरतो आणि मग वळतो. बोइंगच्या पडद्यावर सज्ज पांढऱ्या अक्षरांत दिसतं आणि एअरबसच्या पडद्यावर निळ्या. धरलेलं दोन्हीकडे हिरवं. साध्या जोडविमानांत मात्र बऱ्याचदा दोन्हींना मिळून एकच दिवा असतो. तुमच्या पुतण्याचा प्रश्न तिथूनच आलाय, आणि तो रास्त आहे.

तिसरा शब्द ‘जोडणे’, एंगेजसाठी. ऑटोपायलटच जोडलेला नसेल तर सज्ज काय आणि धरलं काय. एव्हिऑनिक्सचा (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा) मुख्य खटका बंद असेल तर तो जोडला जात नाही. आणि जॉयस्टिक थरथरत असेल, तर काही विमानांत जोडलेला लगेच सुटतो. हात लावलाच नव्हता म्हणतात लोक. हात नसतो, दांड्याची हालचाल मोजणारा झिजलेला पोटेन्शिओमीटर असतो.

प्रश्नकर्ता

सज्ज, धरणे, जोडणे: घेतले. पण आमच्याकडे लोकलायझर धरतो आणि ग्लाइडस्लोप (उतरण्याचा उतार दाखवणारा संकेत) धरतच नाही. नाक सरळ धावपट्टीकडे, उंची तशीच. एफएसएक्सवरचं (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्सवरचं) एक फुकटचं जोडविमान आहे.

प्रतिसाद

आधी उंची बघा. ग्लाइडस्लोप साधारण ३ अंशांचा, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट. धावपट्टी १० मैलांवर असताना जमिनीपासून ३००० फुटांच्या आसपास असायला हवं. तुम्ही ४५०० वर असाल तर उतार तुमच्या पायाखालून निघून गेला. तो खालून धरायचा असतो.

उंची बरोबर असेल तर एअरक्राफ्ट डॉट सीएफजी ही फाइल उघडा, आधी तिची प्रत काढून. रेडिओच्या भागात ‘नॅव्ह.१ = १, १, १’ अशी ओळ असते. पहिला आकडा रेडिओ आहे की नाही, दुसरा राखीव खिडकी, तिसरा ग्लाइडस्लोप. तिसऱ्या जागी ० असेल तर त्या रेडिओला उतार दिसतच नाही. नॅव्ह-२ ला ० असणं नेहमीचंच, म्हणून आयएलएस नॅव्ह-१ वरच लावा. ऑटोपायलट एरवी त्याच्याच मागे जातो.

प्रश्नकर्ता

तिसरा आकडा ० च निघाला, तोही नॅव्ह-१ चा! १ केला, धरलं. आता याला शब्द द्या: लोकलायझर धरल्यावर विमान डावी-उजवी करत जातं.

प्रतिसाद

नागमोडी. तयार शब्द असताना शोधायचा कशाला? वेळेचा वेग चौपट करून ठेवला असेल तर आधी एकपट करा, बहुतेक वेळा तेवढ्याने सरळ होतं.

प्रतिसाद

जोडविमानातल्या तबकड्यांबद्दलही (गेज) एक नोंद टाका. जुन्या सिम्युलेटरचं विमान नव्यात नेलं की रेडिओच्या जागी काळी खिडकी दिसते. त्याला लोक ‘रेडिओ बिघडला’ म्हणतात, पण तो बिघडलेला नसतो, भरलाच गेलेला नसतो. प्रिपार३डी हे सिम्युलेटर २०१७ मध्ये चौथ्या आवृत्तीपासून ६४ बिटी झालं, आणि ३२ बिटी संकलित (कंपाइल केलेल्या) तबकड्या त्यात चालत नाहीत. एक्सएमएलमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, लिहिलेल्या बहुधा चालतात. म्हणून एकाच पॅनेलवर होकायंत्र जिवंत आणि ऑटोपायलट गायब असं दृश्य दिसतं. तिथे खटके दाबत बसू नये, ६४ बिटी आवृत्ती निघाली आहे का ते शोधावं.

प्रश्नकर्ता

‘बिघडला’ आणि ‘भरला नाही’ वेगळ्या पानांवर टाकतो. गेजला तबकडीच ठेवू ना? काचेच्या पडद्यावर तबकडी कुठे असते, असं पुतण्या विचारणारच.

प्रतिसाद

पडद्याला पडदा म्हणा, गोल असेल तर तबकडी.