रंग गाठला की हुकला? जपानमधल्या मोमिजीचे अनुभव

नागोयाकर

ऑक्टोबर लागला की इथे टीव्हीवर पावसाच्या नकाशाच्या जोडीला पानांचा नकाशा यायला लागतो. प्रत्येक गावापुढे मेपलचं एक छोटं पान. हिरवं असेल तर थांबा, पिवळसर असेल तर रंग धरतोय, लाल असेल तर ऐन भरात, तपकिरी असेल तर या आता पुढच्या वर्षी. या प्रकाराला जपानीत 'मोमिजीगारी' म्हणतात. मोमिजी म्हणजे मेपल किंवा त्याची रंगलेली पानं, आणि गारी म्हणजे शिकार. शिकार म्हटली की ती हुकायचीही तयारी ठेवावी लागते.

आमची गेल्या वर्षीची सांगतो. आई साताऱ्याहून आली होती. तिला कोरान्केई दाखवायचं ठरलं. टोयोटा शहराच्या डोंगराळ भागात आसुके म्हणून जुनं गाव आहे, तिथली ही दरी. कोजाकुजी देवळाच्या एका भिक्षूने १६३४ साली मेपल लावायला सुरुवात केली, आता सुमारे ४००० झाडं आहेत. शनिवार, नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, नकाशावर लाल पान, आणि आम्ही शहाण्यासारखे दुपारी जेवून निघालो! शेवटच्या पाच-सहा किलोमीटरला तीन तास लागले. आईने भडंगाचं पाकीट संपवलं, मग चिक्की संपवली, मग म्हणाली, "अरे, सिंहगडाला रविवारी याहून बरं असतं. निदान गाड्यांतली माणसं भांडतात तरी." इथे कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. तिला त्या शांततेचाच जास्त कंटाळा आला.

पोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. मुलगी रडकुंडीला आलेली. आणि मग झाडांखालचे दिवे लागले. खाली तोमोए नदी काळी, वर लाल पूल आणि त्याच्याही वर अख्खी टेकडी पेटल्यासारखी. आई पुलावर कठड्याला धरून उभी राहिली ती हलेचना. मागून गर्दी सरकत होती, तिने कोणाला दाद दिली नाही. नंतर गोहेइमोची खाल्ली. कुटलेला भात पट्टीवर थापून, मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) गोडसर लेप लावून निखाऱ्यावर भाजतात. "भाताचं थालीपीठ," असा निकाल मिळाला.

तर मंडळी, तुमचं काय? रंग गाठलात की हुकला? बागा, किल्ले, घाट, काहीही चालेल. गाडी घेऊन गेला असाल तर जरा सविस्तर लिहा.

ठाण्याची, सध्या सायतामा

आम्ही निक्कोला ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो, म्हणजे चुकलोच. तिथल्या तोशोगू देवळाच्या आवारात सगळं हिरवंगार. माझं तोंड उतरलेलं बघून मुक्कामाच्या घरातल्या आजी हसल्या आणि बोट वर करून म्हणाल्या, "उए, उए." वर जा, वर.

वर जायचा रस्ता म्हणजे इरोहाझाका घाट. इ-रो-हा हा जपानी मुळाक्षरांचा जुना क्रम. घाटाला ४८ वळणं, आणि प्रत्येक वळणावर त्या क्रमातल्या एका अक्षराची पाटी. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा, दोन्ही एकेरी. चढताना २० वळणं, उतरताना २८. नवरा गाडी चालवत होता, मुलगा प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होता आणि मी पिशवी धरून बसले होते (कसाऱ्यातही माझं हेच होतं). पण खिडकीबाहेर दर चार-पाच अक्षरांनी झाडं बदलत होती. खाली हिरवी, मग टोकं पिवळी, मग नारिंगी. वरचं चुझेन्जी सरोवर १२६९ मीटरवर, आणि त्याच्याही पुढे र्‍यूझूचा धबधबा, तिथे पाण्याच्या दोन्ही बाजूंनी लाल.

रंग डोंगरावरून खाली उतरत येतो हे तेव्हा डोक्यात शिरलं. रात्री गारठा पडला की पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं, आत आधीपासून असलेला पिवळा दिसायला लागतो आणि पानात अडकलेल्या साखरेतून लाल तयार होतो. गारठा आधी वर पडतो. बास, एवढंच आहे. तारीख चुकली तर उंची बदला. गाडी असण्याचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो, नाहीतर इथल्या रेल्वेला नावं ठेवायला जागा कुठे आहे?

सेन्दाईचा विद्यार्थी

वरच्या ताईंचं अगदी बरोबर. आम्ही चौघं मित्र ३ नोव्हेंबरच्या सुट्टीला भाड्याची गाडी घेऊन हिरोसाकीला गेलो. वाटेत हाक्कोदाच्या डोंगरात शिरलो तर झाडं नागडी, कडेला बर्फ! सगळे गप्प. खाली हिरोसाकीच्या किल्ल्यात उतरलो तर ऐन भर. तिथे मेपल आहेतच, पण सुमारे २६०० चेरीची झाडं आहेत, आणि चेरीचं पानही रंगतं हे मला ठाऊक नव्हतं. मेपलसारखं भडक नाही, विटकरी-केशरी. खंदकाच्या पाण्यावर त्याच पानांचा थर. वसंतात इथे फुलांसाठी झुंबड उडते, आत्ता निवांत बाक मिळाला.

किल्ल्याची गंमत वेगळीच. मुख्य बुरूजाखालची दगडी भिंत फुगली म्हणून २०१५ मध्ये त्यांनी सुमारे ४०० टनांचा तो तीन मजली बुरूज अख्खाच उचलला आणि रुळांवरून साधारण ७० मीटर आत नेऊन ठेवला. भिंतीचा एकेक दगड नंबर घालून काढायचा, मग परत लावायचा. आमच्यातला एक स्थापत्य अभियंता आहे. त्याने पानं पाहिलीच नाहीत.

बाकी सफरचंदं. हिरोसाकीच्या या अओमोरी प्रांतात सफरचंद किती प्रकारचं असतं ते विचारू नका.

सिंहगड रोडवाला

नागोयाकर, सिंहगडाला मध्ये आणलंत, म्हणून लिहितो.

आमच्या घरासमोर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. पुणे-ओकायामा मैत्रीची बाग, ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर बांधलेली. लहानपणापासून 'जपानी बाग' म्हणजे तीच. कंपनीने ओसाकाला पाठवलं तेव्हा पहिल्याच नोव्हेंबरअखेरीला गाडी काढून ओकायामा गाठलं. मूळ बाग १७०० साली पुरी झालेली. आत शिरल्यावर पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर आपलंच, फक्त रखवालदार शिट्टी मारत नाहीये. तेच वळत जाणारं पाणी, तसेच टेकाड, तसंच हिरवळीतलं उघडं माळरान. मग डोकं वर केलं तर झाडांमागून काळा किल्ला. ओकायामाच्या किल्ल्याला 'कावळा किल्ला' म्हणतात, काळ्या भिंतींमुळे. पुण्याच्या बागेला हे एवढं मात्र जमायचं नाही. (तिकडे मागे काय दिसतं ते पुणेकरांना सांगायला नको.)

बागेच्या एका कोपऱ्यात शंभरेक मेपलचं राईसारखं बन आहे, 'चिशिओ'. कापड पुन्हा पुन्हा रंगात बुडवून काढलं की जो रंग चढतो तो, असा त्या शब्दाचा अर्थ. पैठणीवाल्यांच्या घरात वाढलेल्या माझ्या बायकोला हे नाव फार आवडलं. तिने एक पान उचललं, दुसऱ्यावर ठेवलं, तिसरं घेतलं, आणि म्हणाली एकही रंग दुसऱ्याशी जुळत नाही. मग अर्धा तास तेच करत बसलो.

किल्ला आतून निराश करतो, आधीच सांगतो. जुना १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळला, आत्ताचा १९६६ चा सिमेंटचा. आत लिफ्ट आहे.

गुडघेवाले आजोबा (७३)

लिफ्टला नावं ठेवू नका! मी मुलाबरोबर मात्सुमोतोचा किल्ला बघायला गेलो. तो खरा, लाकडी, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. बाहेरून बघायला काळाभोर, खंदकाच्या कडेने पिवळा गिंको आणि लाल मेपल, मागे जपानी आल्प्सच्या माथ्यावर नवं बर्फ. नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. मी तिथेच बसलो असतो तरी चाललं असतं. पण तरुणपणी राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड पायाखाली घातलेला माणूस किल्ल्याच्या दारातून परत कसा जाणार?

बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घ्यायचे, ती पिशवी एका हातात, दुसऱ्या हाताने कठडा. जिना कुठे कुठे ६१ अंशांत चढतो. तो जिना नव्हेच, शिडी. मोजे गुळगुळीत लाकडावर सरकतात. चौथ्या मजल्यावर माझ्या पुढची एक बाई मागे वळून म्हणाली, "गांबात्ते." नेटाने चला, असा अर्थ आहे म्हणे. ती माझ्याहून मोठी असावी, त्यामुळे मला जरा लाज वाटली.

भिंतींत आपल्यासारख्या जंग्या आहेत. बाणांच्या वेगळ्या, बंदुकांच्या वेगळ्या. शिवाय भिंत खाली जिथे पुढे झुकते तिथून दगड टाकायच्या फटी. मी एका फटीतून खाली पाहिलं तर थेट खाली लाल पानांचा सडा. शत्रू नाही, कोणी नाही, एक माणूस झाडूने पानं गोळा करत होता. त्याचं झाडून होईपर्यंत मी तिथून हललो नाही, गुडघ्यांनाही तेवढीच विश्रांती.

आणखी एक. सत्तरी ओलांडलेल्या चालकांनी गाडीला लावायचं चिन्ह इथे पूर्वी केशरी-पिवळ्या पानासारखं होतं, त्याला मोमिजी मार्कच म्हणत. म्हाताऱ्यांनी तक्रार केली की आम्हाला वाळलेलं पान म्हणता काय. २०११ पासून चार रंगी पाकळ्यांचं नवं चिन्ह आलं. मला जुनंच आवडलं असतं. वाळण्याआधी केवढा रंग येतो ते बघितल्यावर तक्रार कशाला?

दरवर्षी गाडी भाड्याने घेणारी

इथे तीन जणांनी निरोप पाठवून विचारलं म्हणून थोडक्यात. भारतातला परवाना असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, तो चालतो. मूळ परवाना आणि पासपोर्टही जवळ ठेवा. गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत सवय होते. भाड्याच्या गाडीच्या पाटीवर 'वा' हे जपानी अक्षर असतं, त्यामुळे तुम्ही पाहुणे आहात हे सगळ्यांना कळतं आणि लोक अंतर ठेवतात. टोल भारी असतो. नेव्हिगेशनमध्ये पत्त्याऐवजी ठिकाणाचा फोन नंबर टाका, चुकत नाही.

लाल उलटा त्रिकोण दिसला की पूर्ण थांबायचं, रस्ता मोकळा असला तरी. चाकं थांबली पाहिजेत. मी 'जवळजवळ' थांबले होते. वळणामागे पोलीस उभे. ७००० येन. दंडाची चिठ्ठी देताना त्यांनी मला चार वेळा वाकून नमस्कार केला, म्हणजे ओरडावं तरी कोणावर.

मिनोवाली

शाकाहारी मंडळींसाठी: ओसाकाजवळ मिनोच्या धबधब्याच्या वाटेवर मेपलच्या पानांची भजी मिळतात. खरंच पानांची. पानं वर्षभर मिठात मुरवतात, मग तीळ घातलेल्या गोड पिठात बुडवून तळतात. चव पानाची नसतेच, शंकरपाळ्याची चुलत बहीण म्हणा. पण मासळी उकळलेलं पाणी न घातलेलं काहीतरी मिळतंय या आनंदात मी तीन पाकिटं घेतली.

गिंकोच्या बागेत जाणाऱ्यांना सूचना: खाली पडलेल्या फळांवर पाय देऊ नका. तो वास गाडीत येतो आणि राहतो.

हुकलेला, नंतर सापडलेला

२०२४ चा शरद जपानात मोजणी सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात गरम होता, हे मला नंतर कळलं. आम्ही नागपूरहून आईबाबा, मावशी, सगळे मिळून नोव्हेंबरच्या मध्यावर क्योतोत. वर्षभर आधी बुकिंग. तोफुकुजी देवळाच्या पुलावर उभं राहिलो, खाली दरीभर मेपल, आणि सगळे हिरवे! एखाद्या झाडाचं टोक तेवढं लाजल्यासारखं. बाबा म्हणाले, "छान आहे, पावसाळ्यातल्या पचमढीसारखं." समजूत घालत होते माझी.

संध्याकाळी नकाशा बघत होतो. कोयासान, डोंगरावरचं देवळांचं गाव, ८०० मीटरवर, गाडीने दोन-अडीच तास. मावशी म्हणाली, कोयासान? अरे, तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे ना. तिला ते पेपरात वाचलेलं आठवत होतं. २०१५ मध्ये तिथल्या विद्यापीठात बसवलाय. मग ठरलंच, पानं असोत नसोत.

घाट चढताना रंग येत गेला, ठाण्याच्या ताई म्हणतात तसाच. पण आम्ही आधी पुतळ्याकडे गेलो. तिथे त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. मावशीने पदर डोक्यावर घेतला, बाबांनी टोपी काढली. कोणीतरी नुकतीच झाडलोट केली असावी, तरी दोन-चार पानं पायाशी येऊन पडली होती. मी ती उचलायला वाकलो तर मावशी म्हणाली, "राहू दे, फुलंच आहेत ती."

नंतर देवळांच्या आवारात शेंदरी स्तूप आणि त्याच्याभोवती मेपल पाहिले. सुंदर होते. त्या दिवसाचं घरी सांगताना मात्र आधी पुतळाच येतो.

नागोयाकर

सगळं आईला वाचून दाखवलं, ती यंदाही आली आहे. आजोबांना तिने नमस्कार सांगितलाय आणि मात्सुमोतोच्या जिन्याची उंची विचारली आहे, त्यावरून मला काळजी वाटतेय.

या शनिवारी आम्ही पहाटे साडेचारला निघतोय. कोरान्केईला अंधारात पोचलो तरी हरकत नाही, उजाडेपर्यंत गाडीत बसू. मग तिथूनच ओबाराला, तिथे नोव्हेंबरात चेरी फुलतात आणि शेजारी मेपल लाल असतात. भडंगाची या वेळी तीन पाकिटं घेतली आहेत.