ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क खरंच वाकली का?

प्रश्न: ऐंशीच्या वेगात ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं, पेडलही पायाखाली धडधडतं. मेकॅनिक म्हणतो, तापून डिस्क वाकल्या, दोन्ही बदला. बिडाची एवढी जाड डिस्क वाकते तरी कशी?

उत्तर १: वाकणं फार क्वचित. बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. लांब उतारावर ब्रेक तापले, गाडी थांबवली आणि पेडल तसंच दाबून धरलं, की पॅडचा (डिस्कवर घासून गाडी थांबवणाऱ्या ठोकळ्याचा) थर त्याच जागी चिकटतो. डिस्क नीट बघा, पॅडच्या आकाराचा काळसर डाग दिसेल. पुढे तीच जागा जास्त तापते आणि ६५०-७०० अंश सेल्सिअसच्या वर गेली तर तिथे सिमेंटाइट, म्हणजे लोखंड आणि कार्बनचं संयुग, तयार होतं. ते इतकं कडक असतं, की आजूबाजूचं बीड झिजतं आणि तो भाग उंच राहतो. मग वरवर घासून उपयोग नाही.

उत्तर २: हबसुद्धा, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भागही बघा, कृपा करून. तिथे गंजाची पापडी राहिली तर कोरी डिस्कही डुगडुगते. मी वायर ब्रशने हब चकचकीत केल्याशिवाय डिस्क चढवतच नाही. मग डायल गेज (डुगडुग मोजणारं काट्याचं मापक) लावून डिस्क हाताने फिरवायची. बऱ्याच गाड्यांत ०.०५ मिमीच्या आसपासच डुगडुगीला सूट असते. आणि चाकाचे नट टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने), समोरासमोरचे आवळायचे.

प्रश्नकर्ता: डाग आहे! लेथवर घासून चालेल?

उत्तर २: आधी मायक्रोमीटरने जाडी मोजा. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. घासल्यावर त्याखाली जाणार असेल तर सरळ बदला, जोडीनेच.