जुन्या कीटकनाशकांचे अवशेष बुरशी खरोखर तोडते का?

प्रश्न : कापूस उत्पादक, चोपडा
आमच्या काळ्या जमिनीत वडिलांच्या काळी कपाशीवर डीडीटी आणि नंतर एंडोसल्फान अनेक वर्षे फवारले गेले. आता तेथे भाजीपाला लावण्याचा विचार आहे. बुरशी हे अवशेष नष्ट करते असे ऐकले. ते नेमके कसे घडते?

उत्तर : मृदाशास्त्राची विद्यार्थिनी, धुळे
दादा, लाकडातील लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) तोडण्यासाठी श्वेतकूज बुरशी, म्हणजे लाकूड पांढरट करून कुजवणारी बुरशी, पेरॉक्सिडेज व लॅकेज ही विकरे (एन्झाइम) पेशीबाहेर सोडते. लिग्निनची रचना अत्यंत अनियमित असल्याने ही विकरे एका ठरावीक रेणूपुरती मर्यादित राहत नाहीत आणि त्यामुळे डीडीटीसारख्या कीटकनाशकांच्या रेणूंतील क्लोरीनयुक्त वलयांवरही त्यांचा परिणाम होतो. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही श्वेतकूज बुरशी डीडीटी व लिंडेन (आणखी एक क्लोरीनयुक्त कीटकनाशक) यांचे काही प्रमाणात थेट कार्बन डायऑक्साइडपर्यंत विघटन करते, हे १९८५ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. एंडोसल्फानबाबत मात्र सावध राहावे, कारण अनेक बुरशी त्याचे एंडोसल्फान सल्फेट बनवतात, आणि तेही तितकेच विषारी व अधिक टिकाऊ असते.

उत्तर : केळी बागायतदार, रावेर
श्वेतकूज बुरशी मुळात लाकडावर जगणारी असल्याने नुसत्या मातीत ती तग धरत नाही. म्हणून पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) जाळू नयेत, त्यांचा भुसा करून मातीत मिसळावा.

प्रश्नकर्ता
मग ट्रायकोडर्मा (पिकांच्या रोगांवर वापरतात ती मित्रबुरशी) टाकून भागेल का?

उत्तर : मृदाशास्त्राची विद्यार्थिनी, धुळे
ती श्वेतकूज बुरशी नाही, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये. आधी मातीतील अवशेषांची तपासणी करून घ्यावी आणि तोवर भोपळा, काकडी टाळावी, कारण भोपळावर्गीय वेल हे अवशेष मुळांतून विशेष शोषून घेतात.